दादाच्या अग्नीची चौकशी

इटली हा देश बरा आहे. शेतं नीट राखलेली, माणसं मोठ्यानं बोलणारी, आणि खाण्यात तिखटाचा पत्ता नाही. मी तिथं फिरायला गेले नव्हते. माझा मोठा भाऊ भिका दुसऱ्या महायुद्धात तिथल्या लढाईत गेला. त्या लढाईला पन्नास वर्षं झाली म्हणून तिथं मेलेल्या शिपायांसाठी कार्यक्रम ठेवला होता. पलटणीतल्या जुन्या लोकांनी खटपट करून आमच्यासारख्या काही घरच्यांना सोबत नेलं. परत आल्यापासून जळगावात आमच्या गल्लीत जो भेटतो तो विचारतो, विमानात भीती वाटली का. नाही वाटली. बाकीचं लिहून काढते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको. माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिणं साधंच असेल.

मुळात बोलावणं मला नव्हतं, माझ्या वहिनीला होतं. वहिनी सोनगीरच्या पुढं आमच्या माहेरच्या गावी राहते. ती लग्न होऊन आली तेव्हा आम्ही दोघी एका वयाच्या, परकराच्याच म्हणा. वर्षाच्या आत दादा पलटणीबरोबर बोटीनं गेला. पुढं एक तार आली की सापडत नाही, आणि काही महिन्यांनी दुसरी आली की मेला. वडिलांनी मान्य केलं. आईनं केलं नाही. ती एकच विचारायची, अग्नी कोणी दिला? याचं उत्तर गावात कोणापाशी नव्हतं. तार आणणाऱ्यापाशी तर नव्हतंच.

बाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवं. आमच्या खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी मातीची नवी घागर पाण्यानं भरतात. तिच्यावर लहान मडकं, वर खरबूज नाहीतर आंबा, सोबत सांजोऱ्या. मग विस्तवावर तूप आणि स्वयंपाकातला घास टाकून ज्याचं त्याचं नाव घेतात. त्याला आम्ही आगारी म्हणतो. आईचं म्हणणं असं होतं की, ज्याले अग्नी नही त्याले घागर नही. म्हणून दादाची घागर कधी भरली गेली नाही. आणि घागर नाही म्हणजे तो मेलेला नाही, म्हणून वहिनीचं कुंकू आईनं पुसू दिलं नाही. आई गेली, तिचा हुकूम मात्र राहिला.

माझा नवरा वारला तेव्हा तेराव्याच्या आत माझं कपाळ मोकळं झालं. कोणी मला विचारलं नाही, मीही कोणाला विचारलं नाही. वहिनीचं तसं नव्हतं. लग्नकार्यात ओटी भरणाऱ्या बायका तिच्यापाशी आल्या की थबकायच्या. एखादी भरायची, एखादी पुढच्या बाईकडे वळायची. एका लग्नात एकीनं तोंडावर विचारलं, "बाई, तू नेमकी कोणत्या पंगतीत बसशील?" वहिनी म्हणाली, जिथं वाढपी आधी येतो तिथं. बायका हसल्या. ती हसली नाही.

बोलावणं आलं तेव्हा मी म्हटलं, तू जा, तुझा नवरा. ती डाळ निवडत होती. म्हणाली, "मी कसाले जाऊ? मना गुडघा. अक्का, तू जाय. तू खोटं बोलस नही. त्याले अग्नी मियना का नही, तेवढंच दखीसन ये. जे व्हई ते सांग."

माझ्या धाकट्या भावाची सून मागं उभी होती. ती मला बाहेर ओट्यावर घेऊन म्हणाली, आत्या, काहीही असो, मिळाला म्हणूनच सांगा. म्हातारीला एकदा मोकळं होऊ द्या. मी तिला म्हटलं, तुझ्या चुलतसासूला खोटं सांगायला तू आहेस, मला कशाला त्यात घेतेस. ती रागावून आत गेली.

रोम

रोमच्या विमानतळावर पहिली अडचण माझ्यामुळं झाली. मी पेटीत एक गोवरी नेली होती. आगारीला विस्तव लागतो, आणि परमुलखात गोवरी मिळेल याची काय खात्री? तूप, गूळ आणि सांजोऱ्याही होत्या, त्यांना कोणी काही म्हटलं नाही. गोवरी मात्र दोघातिघांनी हातमोजे घालून उचलली, उजेडात धरली, वास घेतला. आमच्याबरोबर पलटणीचे एक म्हातारे सुभेदार होते, सातारा जिल्ह्यातले. ते इंग्रजीत काहीतरी म्हणाले. त्यावर ती माणसं जास्तच घाबरली. शेवटी गोवरी गेली. सुभेदार म्हणाले, ताई, मी जळण आहे असं सांगितलं, त्यांना स्फोटक वाटलं असेल.

बाहेर आम्हाला घ्यायला एक सिस्टर आली होती. मूळची वसईची, मराठी बोलणारी, तिथल्या मठात बरीच वर्षं राहिलेली. गोवरीचं ऐकून ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग माझ्याकडं बघून गप्प झाली आणि म्हणाली, "आजी, विस्तवाचं मी बघते." मला ती तिथंच आवडली.

रोममध्ये जुनी पडकी बांधकामं पुष्कळ आहेत आणि लोक तिकीट काढून ती बघतात. मी लांबून पाहिली. रात्रीच्या जेवणात वांग्याचे काप होते, वर चीज वितळवलेलं. तेव्हा जळगावात भरिताचे दिवस होते, कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायचे. त्यांचं वांगं मऊ होतं, पण त्याला धुराची चव नव्हती. मी लसणाच्या चटणीची पुडी काढली. सुभेदारांनी आधी नको म्हटलं आणि मग अर्धी संपवली.

जेवताना मी त्यांना वहिनीचं काम सांगितलं. त्यांनी नीट समजावलं. आपल्या शिपायांची नावं दोन ठिकाणी दगडावर आहेत. ज्यांचं शरीर हाती लागलं आणि त्यांना आपल्या रीतीनं जाळलं, त्यांची नावं सांग्रो नदीजवळच्या दफनभूमीत आहेत. आपली पलटण तिथंच लढली होती. जे सापडलेच नाहीत त्यांची नावं कॅसिनो गावातल्या दगडांवर आहेत. म्हणजे माझ्या भावाचं नाव नदीकाठी असलं तर अग्नी मिळाला. कॅसिनोत असलं तर नाही. मी विचारलं, तुम्ही ओळखत होता का त्याला? ते म्हणाले, नाही, मी दुसऱ्या कंपनीत होतो. खोटी ओळख दाखवली नाही, हे मला बरं वाटलं.

सांग्रो

दुसऱ्या दिवशी बसनं देशाच्या पलीकडच्या बाजूला गेलो. डोंगर सातपुड्यासारखेच, पण माथ्यावर गावं वसवलेली. पाणी खाली आणि माणसं वर, याचं कारण मला कोणी नीट सांगू शकलं नाही. उतारावर ऑलिव्हची झाडं. खाली जाळी अंथरून माणसं काठीनं फांद्या झोडपत होती, आपण चिंचा झोडतो तशी. बस थांबली तेव्हा मी एक फळ उचलून खाल्लं. इतकं कडू की कडुनिंब बरा. झाडाखालचा माणूस पोट धरून हसला. त्याचं तेल काढतात, किंवा ते मिठात मुरवून खातात, हे सिस्टरनं मग सांगितलं.

दफनभूमी टेकडीच्या उतारावर आहे. समोर खाली नदी, पलीकडं समुद्र. सगळे दगड एका मापाचे, गवत कापलेलं, कुठं कागद नाही की पाचोळा नाही. आमच्याकडच्या स्मशानात संध्याकाळी कोणी थांबत नाही. इथं बाकं ठेवलेली आहेत.

कार्यक्रम व्यवस्थित झाला. बँड वाजला, पाद्र्यानं वाचलं, आपल्या जवानांनी सलामी दिली. छातीवर पदकं लावलेले गोरे म्हातारे होते. त्यांच्यात दोन-चार जर्मनही होते, म्हणजे ज्यांच्याशी लढाई झाली तेच. त्यांनीही फुलांचं चक्र ठेवलं आणि मग सगळे एकमेकांना हात देऊन बोलत उभे राहिले. आमच्याकडं बांधावरून भांडलेली घरं पन्नास वर्षांनी एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. मी सुभेदारांना विचारलं, तुम्हाला राग नाही येत? ते म्हणाले, ताई, त्यालाही गुडघेदुखी आहे, मलाही आहे, आम्ही औषधाचं बोललो.

मधे सगळे एकदम गप्प उभे राहिले. मला वाटलं काही बिघडलं, म्हणून मी सिस्टरला मोठ्यानं विचारलं, काय झालं गं? सगळ्यांनी बघितलं. गप्प राहणं हाच तो विधी होता. मग मीही गप्प राहिले. कोणी रडलं नाही.

लोक पांगल्यावर सुभेदारांनी चष्मा पुसला आणि जाळलेल्यांच्या नावांचा दगड वाचायला घेतला. मला इंग्रजी येत नाही, म्हणून मी त्यांचं बोट बघत होते. ते खाली खाली गेलं. पुन्हा वर आलं आणि पुन्हा खाली गेलं. मग त्यांनी हात खाली घेतला. मी म्हटलं, उलटं वाचा, खालून वर. त्यांनी तसंही वाचलं. नाव नव्हतं.

मी म्हटलं, नदी दाखवा.

नदी म्हणजे गोट्यांतून जाणारं थोडं पाणी. आमच्या तापीपुढं ती नाला. मी तसं बोलूनही दाखवलं. सुभेदार गोट्यांवरून पाण्याच्या काठापर्यंत गेले. मग म्हणाले, तेव्हा ही अशी नव्हती. पाऊस थांबत नव्हता. आम्ही पूल बांधला, रात्री पाणी चढलं आणि पूल नेला. काही कंपन्या पलीकडं अडकल्या. माणसं दोर धरून पाण्यातून जात होती. दोर सुटला त्याचं पुढं काही कळलं नाही, तो समुद्रात गेला. हे त्यांनी नदीकडं बघत सांगितलं, माझ्याकडं नाही.

दुपारी गावकऱ्यांनी जेवण दिलं. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, नखशिखांत काळ्या कपड्यात. तिथं विधवा काळं घालतात. मी निळं लुगडं नेसले होते. तिनं सिस्टरमार्फत विचारलं, हिचा नवरा आहे का? नाही म्हटल्यावर तिनं माझ्या लुगड्याकडं बोट दाखवलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणजे आमच्या बायका आणि त्यांच्या बायका सारख्याच. मग मी सिस्टरला विचारायला सांगितलं, ज्यांचा नवरा लढाईवरून आला नाही आणि सापडलाही नाही, त्या बायका तुमच्यात काय करतात? म्हातारीनं पाव मोडला आणि म्हणाली, काळं घालतात आणि वाट बघतात. दोन्ही. सिस्टरनं विचारलं, दोन्ही कसं? ती म्हणाली, बाईला एका वेळी दोन कामं येत नाहीत का?

कॅसिनो

कॅसिनो डोंगराच्या पायथ्याशी आहे, वर मोठा मठ. लढाईत सगळं गाव आणि मठही जमीनदोस्त झाला होता, आता पुन्हा बांधला आहे. नवं गाव आमच्या धुळ्याच्या नव्या कॉलन्यांसारखं, सरळ रस्ते आणि चौकोनी घरं. दफनभूमीत मधे पाण्याचं उथळ टाकं, दोन्ही बाजूंना हिरवट दगडाच्या उंच शिळा, त्यांवर नावं. सुभेदारांना फार शोधावं लागलं नाही. मान वर करावी लागेल इतक्या उंचीवर दादाचं नाव होतं. त्यांनी पलटणीचा नंबर मला वाचून दाखवला. माझ्या मुलानं लिहून दिला होता तोच.

"नाव तर आहे, ताई," ते म्हणाले.

"आहे," मी म्हटलं. "पण अग्नी नाही."

ते म्हणाले, घरी सांगायला नाव पुरेल. एवढं कोण विचारतंय. मी म्हटलं, जिला विचारायचं तिनं विचारून पाठवलंय.

आगारी इथंच टाकायची, असं मी ठरवलं. आई असती तर तिनं टाकू दिली नसती. पण दादाला पन्नास वर्षांत कोणी घास टाकला नव्हता, आणि तिथपर्यंत तूप मी उगाच नेलं नव्हतं. सिस्टर म्हणाली, चला, विस्तव आणू. गावात चौकात एक म्हातारा शेगडीवर चेस्टनट भाजत होता. चेस्टनट म्हणजे टणक सालीचं फळ, भाजल्यावर रताळ्यासारखं लागतं. खाली रसरशीत निखारे. सिस्टरनं त्याला सगळं सांगितलं, चांगलं लांबलचक. तो ऐकत भाजत राहिला. मग त्यानं विचारलं, तुझा भाऊ कोणाच्या बाजूनं होता? सिस्टरनं सांगितलं. तो म्हणाला, तुमच्या बाजूच्या विमानांनी आमचं घर पाडलं. आई आत होती. ती सापडली नाही. त्यानं हातातल्या उलथन्यानं चौकापलीकडच्या इमारतीकडं दाखवलं, म्हणाला, ती तिथं खाली आहे.

मला वाटलं आता हा नाही म्हणणार. म्हटला असता तरी मला नवल वाटलं नसतं. त्यानं टोमॅटोचा रिकामा डबा घेतला, त्यात निखारे भरले, वर राख पसरली, काठाला तार अडकवली आणि माझ्या हातात दिला. राख पसरायला तो विसरला नाही, म्हणजे विस्तवातलं त्याला कळत होतं. मी सिस्टरला म्हटलं, त्याच्या आईचं नाव विचार. मारिया, म्हणाला.

दफनभूमीचा राखणदार धावत आला. इथं विस्तव चालत नाही. सुभेदार त्याच्यापुढं उभे राहिले, सिस्टर बोलत राहिली. मी पायऱ्यांपाशी बसले आणि डबा उलटणार, तेवढ्यात तो ओरडला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की गवत जळायला नको. तो आत गेला आणि एक जुनं कौल घेऊन आला. त्या कौलावर मी निखारे ओतले. तूप सोडलं, गूळ टाकला, सांजोरीचा तुकडा टाकला आणि दादाचं नाव घेतलं. मग आणखी एक तुकडा टाकला आणि मारिया म्हटलं. दुसऱ्याच्या पितराला आपण आगारी टाकत नाही. पण विस्तव त्याचा होता.

धूर वर गेला. राखणदारानं वास घेतला आणि सिस्टरला काहीतरी विचारलं. तुपाचं विचारत होता. उरलेलं त्याला देऊन टाकलं.

घरी

परत आल्यावर दोन दिवस जळगावात काढले आणि एस. टी. नं माहेरी गेले. येणार हे आधीच कळलं होतं. ओट्यावर शेजारणी जमलेल्या. धाकट्या भावाची सून डोळ्यांनी खुणावत होती. कोनाड्यात वहिनीचा कुंकवाचा करंडा होता, आणि सगळ्यांची नजर अधूनमधून तिकडं जात होती.

मी कोणाला बाहेर घालवलं नाही. सगळ्यांसमोर वहिनीला सांगितलं, नाव दगडावर आहे, पण ज्यांना अग्नी मिळाला त्यांच्यात नाही. तो सापडला नाही. बहुतेक नदीत गेला. मी तिथं आगारी टाकली.

वहिनीनं विचारलं, "नदी मोठी व्हती?"

"आता नाही. तेव्हा होती म्हणे."

"त्याले पोहता येत नव्हतं," ती म्हणाली. हे मला माहीत नव्हतं. मी त्याची बहीण, आणि मला माहीत नव्हतं.

शेजारची एक म्हातारी म्हणाली, मग आता काय ठरलं? अग्नी नाही म्हणजे सासूचा शब्द राहिला. सून म्हणाली, आत्यांनी आगारी टाकली म्हणजे तो गेलाच की. आता काकूंनी रीत पाळावी. दोघींची जुंपली. वहिनी उठून चहा ठेवायला आत गेली. मी संध्याकाळच्या गाडीनं जळगावला परतले.

अखाजीच्या आदल्या दिवशी तिचा निरोप आला, ये म्हणून. गेले तर कुंभाराकडून एक घागर जास्त आणलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती स्वतः भरली, गुडघा दुखत असताना. सून दारात उभी होती. तिनं विचारलं, काकू, तुमच्या सासूबाई म्हणायच्या ना, अग्नी नाही त्याला घागर नाही?

वहिनी म्हणाली, "सासूले आता मी विचारस नही. बठ्ठा गाव पन्नास वरीस मना कपाळकडे दखस. कोणी पाणी नही दिन्हं त्याले. मी देस."

"मग कुंकू?"

"घागर त्यानी शे. कुंकू मनं शे."

अखाजीला उंबरठ्यावर घरातल्या प्रत्येक पितराच्या नावानं ओल्या कुंकवाचं एक बोट ओढतात. वहिनी खाली बसली. सासऱ्याच्या नावानं बोट ओढलं, सासूच्या नावानं ओढलं. मग करंड्यात बोट बुडवून दादाच्या नावानं ओढलं, बाकीच्यांपेक्षा थोडं लांब. नाव घेतलं नाही, आमच्यात बायको घेत नाही, ते मी घेतलं. बोटाला कुंकू राहिलं होतं. ते तिनं कपाळाला लावलं आणि मला म्हणाली, अक्का, विस्तव आण.